मोच्या नावाचं टेबल

"आणि हा सातवा," हिमानी म्हणाली. टीव्हीवर आणखी एक पब आला. दगडी भिंती, खिडकीखाली फुलांच्या कुंड्या, दारात झोपलेला एक म्हातारा कुत्रा. "इथे आम्ही प्लाउमन्स लंच घेतलं. ब्रेड, चीज आणि व्हिनेगरमधला कांदा. म्हणजे आपली भाकरी-कांदाच म्हण ना. पण काय लागतं यार त्या हवेत."

मी कागदी प्लेटमधली साबुदाण्याची खिचडी चमच्याने इकडची तिकडे करत होते. ती मीच करून आणली होती, त्यामुळे तिच्यात नवीन काही सापडण्यासारखं नव्हतं.

सरळच सांगते, माझा जळफळाट होत होता. मत्सर करू नये हे मलाही कळतं. चहात दोन चमचे साखर घालू नये हेही कळतं. शनिवारची दुपार, इथे अमेरिकेत मॉरिसव्हिलमधलं परीक्षित-हिमानीचं मोठं घर, भिंतभर टीव्ही, आणि आम्ही सात-आठ जण सोफ्यावर ओळीने बसून दुसऱ्याचं जेवण बघत होतो. फिश अँड चिप्स बघितले. वाटाण्याचा हिरवा लगदा बघितला. खजुराचा तो केक, वर ओतलेला गरम टॉफीचा पाक, तो तर तीन बाजूंनी बघितला. परीक्षितने फोटोत प्रत्येक ठिकाणी तीच टोपी घातली होती, इंग्लंडमध्ये गेल्यागेल्या विकत घेतलेली.

माझा नवरा मात्र पुढे सरकून बसला होता, क्रिकेटची मॅच बघावी तसा.

"हे कुठलं रे, ते बदकाचं?" हिमानीला नाव आठवेना.

"रेड मॅलर्ड," मोरेश्वर म्हणाला. "आणि तुम्ही बसलात ते बारा नंबरचं टेबल. तिथे सिग्नल येत नाही. मध्ये चिमणीची भिंत येते."

सगळे हसले. शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "तुम्ही कधी जाऊन आलात?"

"नाही हो. कामामुळे माहीत आहे," तो म्हणाला आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागला.

कामामुळे म्हणजे असं. मोरेश्वरची कंपनी इंग्लंडमधल्या पबना ऑर्डर घ्यायचं सॉफ्टवेअर देते. तिकडच्या खेड्यातल्या पबमध्ये तुमच्या टेबलाशी कोणी येत नाही. आपण उठून काउंटरवर जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, काय हवं ते सांगायचं, की ते मशीनमध्ये जातं आणि आत स्वयंपाकघरात कागदावर छापून येतं. हे सगळं अडलं की फोन मोरेश्वरला. आणि अडतं कधी, तर रविवारी दुपारी, सगळं गाव भाजलेलं मटण आणि बटाटे खायला येतं तेव्हा. त्यांची रविवार दुपार म्हणजे आमची रविवार सकाळ, सात ते अकरा. ती पाळी कोणालाच नको होती. व्हिसा कंपनीच्या हातात असलेल्या माणसाने नको कसं म्हणायचं? याने घेतली. त्याला आता चौदा वर्षं झाली.

चौदा वर्षं आमच्या घरात रविवारची सकाळ नाही. लोक ब्रंचला जातात, तळ्यावर जातात, काही नाही तर लोळत पडतात. आमच्याकडे डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यात हा कानाला हेडसेट लावून बसलेला असतो आणि सांगत असतो, टेबल नऊचं पुडिंग टेबल एकोणीसला गेलंय, काळजी करू नका, मी फिरवतो. न पाहिलेल्या दीडशे पबची टेबलं याला तोंडपाठ आहेत. घरात आपली चप्पल कुठे आहे ते माहीत नसतं.

आणि त्या दीडशेत एक होता ब्लू हेफर. म्हणजे निळी कालवड. श्रॉपशरमधलं एक खेडं, आणि पबची मालकीण डोरीन. ही डोरीन म्हणजे माझी सवत.

सवत म्हणते, पण बाई सत्तरीची. तरी काय झालं. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि हा हसायला लागायचा. ती त्याला 'मो' म्हणायची. मोरेश्वर तिच्या तोंडात बसत नव्हतं म्हणून मो. वर 'मो, लव्ह' म्हणायची. तिकडे बसच्या कंडक्टरलाही लव्ह म्हणतात हे मला नंतर कळलं. तोवर दोन वर्षं मी धुसफुसत काढली होती. प्रिंटर पाच मिनिटांत सुरू व्हायचा, पुढची दहा मिनिटं ती हवा, गुडघे आणि नवरा केन यांबद्दल बोलायची. याने तिला आमचं काय काय सांगितलं होतं कोणास ठाऊक. एकदा मी आतून हाक मारली तर तिने तिकडून विचारलं, "ती शुभा का? मांस न खाणारी?"

तीन वर्षांपूर्वी तिचा केन गेला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी त्यांचा मदर्स डे आला. तिकडे तो मार्चमध्ये असतो आणि वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी त्या दिवशी. काउंटरवरचा स्क्रीन ऐन बाराला बंद पडला. आतला प्रिंटर चालू होता. मोरेश्वर तिला म्हणाला, तू मला फक्त वाचून दाखव. ती फोन खांद्यात धरून एकेका टेबलाची ऑर्डर सांगत गेली, हा इथे टाइप करत गेला, आणि तिच्या स्वयंपाकघरात कागद निघत गेले. साडेतीन तास. त्याच सकाळी मंडळाच्या पाडव्याला माझं गाणं होतं, आठ वर्षांनी स्टेजवर बसले होते. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी राहिली. मी घरी आले तेव्हा हा घसा बसल्यासारखा बोलत होता आणि मला म्हणाला, "एकशे दहा लोक जेवले." मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तर टीव्हीवरचे पब. ते मोरेश्वरनेच काढून दिलेले. खरं म्हणजे ती यादी आमची होती. कधीतरी ग्रीन कार्ड येईल, मग पहिल्यांदा तिकडे जायचं, म्हणून तो वर्षानुवर्षं जमवत होता. कुठल्या गावात कोणत्या वारी जायचं, मासा गुरुवारी ताजा येतो, कुठे खिडकीपाशी बसायचं, माझ्यासाठी बिनमांसाचं कुठे चांगलं मिळतं. परीक्षित आणि मोरेश्वर पुण्याहून एकाच विमानाने इथे आले होते, वर्षभर एका खोलीत राहिले होते. परीक्षितने नोकरी बदलली, त्याचे कागद वेगळ्या रांगेत लागले, कार्ड आलं, मग अमेरिकेचा पासपोर्टही आला. आमचे कागद आहेत तिथेच आहेत. व्हिसाचा शिक्का संपलेला, त्यामुळे इथे राहता येतं पण बाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का घ्यायचा, तोही भारतात जाऊन. ऑफिसमधला एक जण तसा गेला तो आठ महिने तिकडेच अडकला, इकडे नोकरी गेली. म्हणून आम्ही कुठेच जात नाही. आणि एप्रिलमध्ये परीक्षित म्हणाला, "तू दे ना यार तुझी लिस्ट, आम्ही जूनमध्ये चाललोय." याने दिली. वर रंगीत खुणा करून दिली.

"आता स्पेशल," परीक्षित उठून टीव्हीपाशी गेला. "ब्लू हेफर. हे ऐक मोरेश्वर, तू वेडा होशील."

फोटोत एक गोल चेहऱ्याची, पांढरे केस मागे बांधलेली बाई होती. ॲप्रन लावलेला. तिने परीक्षितला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि तिचे डोळे ओले होते.

मोरेश्वरने चष्मा वर केला. "ही डोरीन?" त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. चौदा वर्षांत तिने कॅमेरा कधी लावला नाही, तिला ते जमायचं नाही.

"हीच. अरे, आत गेलो, म्हटलं टेबल फॉर मो. तर बाई काउंटरच्या मागून पळत आली आणि मला असं धरलं, सोडेचना. मला आधी कळेचना काय चाललंय. मग कळलं, ही मला तूच समजतेय."

आता हे असं झालं ते का, तर आपल्या लोकांच्या सवयीमुळे. कॉफीच्या दुकानात परीक्षित 'पॅट' असतो, हिमानी 'हीना' असते, मी 'सू' असते. आपलं नाव तीनदा सांगून चौथ्यांदा चुकीचं ऐकण्यापेक्षा छोटं काहीतरी द्यायचं. रविवारचं हेफर महिनाभर आधी भरलेलं होतं, तेव्हा परीक्षितच म्हणाला होता, "तू सिस्टीममधूनच बुक कर ना. तुझ्याच नावावर कर. परीक्षित म्हटलं की स्पेलिंगचा तमाशा. मो म्हणजे बेस्ट." आणि आमच्या साहेबांनी केलं. मो, चार माणसं, नॉर्थ कॅरोलायनाहून, टेबल सात. आपले मित्र येताहेत हे डोरीनला तिथेच कळू दे, म्हणून फोनवर काही बोलला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"मग तू सांगितलंस ना?" मी विचारलं.

"अहो वहिनी, सांगणार होतो. पण ती बोलायलाच देईना. तिने सगळ्या पबला ओरडून सांगितलं, धिस इज माय मो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा येऊन म्हणाला, त्या मदर्स डेला मी इथे होतो, थँक यू. आता अशा वेळी काय सांगायचं? तिलाच ऑकवर्ड झालं असतं. बरं, बिलपण घेतलं नाही."

सगळे खो खो हसले. मोरेश्वरही हसला. मी त्याच्याकडे बघत होते. तो हसत होता आणि त्याचा उजवा हात गुडघ्यावर नुसताच पडला होता.

"आणि माझी गंमत ऐक ना शुभा," हिमानी म्हणाली. "याला मस्त लँब, पोरांना चिकन, आणि माझ्यापुढे आणून ठेवला व्हेज पाय. वर मैद्याचं भाजलेलं कवच, आत पालक, मशरूम असलं काहीतरी. म्हटलं, इंडियन म्हणून व्हेज दिलं असेल. ही बाई समोर उभी, खा खा म्हणतेय. मी अर्धा खाल्ला कसाबसा. नंतर याच्या प्लेटमधलं लँब घेतलं, ती आत गेल्यावर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिमानीला अजूनही कळलं नव्हतं. तो पाय इंडियन म्हणून नव्हता. मी मांस खात नाही हे त्या बाईला माहीत होतं, आणि तिने हिमानीला मी समजून तो केला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. इथे तर नागोबा बिळात शिरून म्हणत होता, जरा अळणीच आहे.

मी प्लेट ठेवली आणि मुलीची परीक्षा आहे असं सांगून उठले. जूनअखेर कसली परीक्षा, कोणी विचारलं नाही.

आम्ही गाडीत बसलो. मागे स्वानंदी, आमची सोळा वर्षांची. तीच आधी म्हणाली, "डॅड, दॅट्स लिटरली आयडेंटिटी थेफ्ट."

"अगं तसं काही नाही. गडबडीत झालं," मोरेश्वर म्हणाला. "जाऊ दे."

"जाऊ दे हे तुझं आडनावच आहे," मी म्हटलं. "ग्रीन कार्ड जाऊ दे, प्रमोशन जाऊ दे, माझं गाणं जाऊ दे. आता स्वतःलाही जाऊ दे. त्या टाळ्या तुझ्या होत्या. ती मिठी तुझी होती."

"तुला डोरीन आवडत नाही ना? मग मिठीचं काय एवढं?"

"आवडत नाहीच. म्हणून काय ती त्या टोपीवाल्याला द्यायची?"

तो सिग्नलला थांबला. हिरवा झाला तरी निघाला नाही, मागच्याने हॉर्न दिला तेव्हा निघाला. मग म्हणाला, "मला त्या रविवारीच दिसलं होतं, शुभा."

"काय दिसलं होतं?"

"टेबल सातची ऑर्डर. माझ्या स्क्रीनवर येतंच ना सगळं. लँब एक, मुलांचं चिकन दोन, आणि एक नवीनच पदार्थ होता. मेनूत नसलेला. तिने स्वतः नाव टाकलं होतं. शुभाज् पाय, एक. खाली सगळं मिळून बिल शून्य." त्याने गाडी उजवीकडे वळवली. "मला वाटलं, माझे मित्र आले म्हणून गंमत केली असेल, तुझ्या नावाने. मी खूश झालो. तुला सरप्राइज म्हणून परीक्षितकडूनच ऐकू दे म्हटलं. त्या दिवशी तिचा फोनच आला नाही. मी चार वेळा लाइन चालू आहे का बघितलं. आता कळलं का नाही आला. तिच्या मते मी तिच्यासमोरच बसलो होतो."

माझ्या नावाचा पाय.

"मला वाईट वाटलं आज," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. परीक्षितचा हेवा वाटला, फार वाटला. इंग्लंडचा नाही, त्या जेवणाचा नाही. मला वाटायचं, एकदा तरी त्या बाईने मला बघावं. एवढंच होतं."

"मग उद्या सांग तिला," मी म्हटलं. "फोन आला की पहिल्यांदा हे सांगायचं. तो मी नव्हतो. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"सांगतो," तो म्हणाला. आणि घरी पोचेपर्यंत ते वाक्य कसं बोलायचं ते मनात जुळवत होता, ओठ हलत होते.

रविवारी दहाला माझी मराठी शाळा असते, पोरांना मुळाक्षरं शिकवायची. मी फोन करून शाळेतल्या अस्मिताला माझा वर्ग घ्यायला सांगितलं आणि डायनिंग टेबलाशी मोरेश्वरच्या समोर खुर्ची ओढून बसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, "तू अशी बसलीस तर मला भीती वाटते." मी म्हटलं, "वाटू दे." हेडसेट काढायला लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

आठ वाजता एका पबच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. नऊला कोणीतरी सगळ्या टेबलांची ऑर्डर एकाच टेबलावर टाकून बसलं होतं. हेफर नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी स्क्रीनवर हेफरचं नाव लागलं. मोरेश्वरने शर्टाची कॉलर सारखी केली, जशी काही ती बघणारच होती.

डोरीनचं इंग्लिश वेगळंच आहे, अर्धे शब्द गिळते. मी आपलं आपल्या भाषेत सांगते.

"मो, लव्ह. पोचलास का सुखरूप?"

"डोरीन, मला तुला एक सांगायचं आहे," मोरेश्वर म्हणाला. त्याने घोकलेलं वाक्य ते हेच होतं. "त्या रविवारी जे—"

"थांब, आधी माझं ऐक. शुभा आहे का तिथे? आठवडाभर मला तिच्याशी बोलायचंय. दे तिला."

मोरेश्वरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मनात म्हटलं, बरंच झालं, याच्याच्याने होणार नव्हतं. मी फोनकडे वाकले. तीन वाक्यं तयार होती, आणि तिन्ही सपासप होती.

"मी शुभा बोलतेय," मी म्हटलं.

"शुभा, खरं सांग हं, मला वाईट वाटणार नाही. पायमध्ये काय चुकलं?"

मी मोरेश्वरकडे बघितलं.

"तू अर्धा ठेवलास," ती म्हणाली. "मी बघितलं. तू फार सभ्यपणे ठेवलास, सुरी-काटा वर नीट लावून, पण मी पन्नास वर्षं लोकांच्या प्लेटी उचलतेय. मला कळतं. मी तो चार वेळा करून बघितला होता. आमच्याकडे कोणी शाकाहारी आलं की आजवर मी उकडलेला बटाटा आणि चीज पुढे करायचे, लाज वाटायची पण दुसरं यायचं नाही. मो म्हणाला होता तुला तिखट आवडतं. आमच्या दुकानात मिरची नसते, मी बसने श्रूझबरीला जाऊन आणली. जास्त घातली का? का कमी? केन असता तर त्याने चाखून सांगितलं असतं. आता मला सांगायला कोणी नाही."

हे सगळं ती एका दमात बोलली आणि मग तिकडे नुसती भांड्यांची आदळआपट ऐकू येत राहिली.

मला तिचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. दिसायला लागलं म्हणजे काय, ते माझंच होतं. पाहुणे उठून गेल्यावर ताटं उचलताना मी पहिल्यांदा काय बघते, तर कोणी काय टाकलं. मग रात्रभर डोक्यात, मीठ जास्त झालं का, पुरण पातळ झालं का. नवरा म्हणतो पोट भरलं असेल, आणि आपण मानत नाही. ही बाई आठवडाभर तेच करत बसली होती. माझ्यासाठी. मी हिचा चौदा वर्षं दुस्वास केला आणि ही माझ्यासाठी बसने मिरची आणायला गेली होती.

आता तिला सांगायचं होतं, की तू चार वेळा करून बघितलास तो पाय ज्या बाईने खाल्ला ती मी नव्हे. ती मटण खाणारी होती आणि तू आत गेल्यावर तिने मटणच खाल्लं. तू ज्याच्या गळ्यात पडून रडलीस तो फुकट जेवून टोपी घालून निघून गेला.

मोरेश्वर माझ्याकडे बघत होता. त्याने डोळ्यांनी 'नको' म्हटलं की 'सांग' म्हटलं, मला आजही ठरवता येत नाही.

"काही चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "मिरची अगदी बेताची होती. प्रवासात माझं पोट बिघडलं होतं, डोरीन. मला खायचा होता सगळा. तसाच टाकून उठायला फार वाईट वाटलं."

तिकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "हो का गं? मग ठीक आहे. मला वाटलं तुला आवडला नाही."

"माझ्यासाठी इतकं कोणी कधी केलं नाही," मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

"उरलेला मी खाल्ला," ती म्हणाली. "चार वाजता, सगळे गेल्यावर, सिंकपाशी उभ्याने. मला बरा वाटला."

"बराच होता," मी म्हटलं.

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. काल गाडीत त्याला एवढं बोलले होते मी. आणि आता माझ्याच तोंडाने मी त्या पबमध्ये जाऊन आले होते, म्हणजे तोही जाऊन आला होता. आता त्याला 'तो मी नव्हतो' असं कधीच म्हणता येणार नव्हतं. त्याची चौदा वर्षं, ते साडेतीन तास, ती मिठी, सगळं मी एका वाक्यात परीक्षितच्या नावावर करून दिलं. मी फोन त्याच्याकडे सरकवला. त्याच्याकडे बघायची मला हिंमत होईना.

"मो, तू काय सांगत होतास मघाशी?" डोरीनने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "थँक यू म्हणायचं होतं. लँब फार छान होतं."

"असू दे. आता मी तुला एक सांगू? रागवायचं नाही."

"नाही रागवत."

"तू आलास, मला फार आनंद झाला. पण समोर तू जरा निराळाच वाटलास. फार बोलत होतास, आणि सगळं आपलंच. किती मोठं घर, किती मोठी गाडी. मी म्हटलं हा प्रवासाचा शीण असेल. मला माहीत असलेला मो आधी दुसऱ्याचं ऐकतो. खरं सांगायचं तर मला फोनवरचाच तू जास्त आवडतोस, लव्ह."

मोरेश्वरने चष्मा काढला. टी-शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, पुन्हा काढला.

"मलाही फोनवरच बरं वाटतं, डोरीन," तो म्हणाला. मग नेहमीसारखा म्हणाला, "हं, सांग आता. काय अडलंय?"

"काहीच नाही अडलं. आज सगळं नीट चाललंय. सहज केला फोन."

चौदा वर्षांत तिने सहज फोन केला नव्हता. मोरेश्वर खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "मग गुडघे कसे आहेत?" आणि ती सुरू झाली.

मी स्पीकर बंद केला आणि हेडसेट त्याच्या हातात दिला. आमच्या घराला मधे कुठे दार नाही, स्वयंपाकघर, डायनिंग, हॉल सगळं एकच, कुठेही बसलं तरी ऐकू येतं. म्हणून मी सपाता घातल्या, गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर ड्राइव्हवेवर गाडीत जाऊन बसले. त्यांचं बोलणं होईपर्यंत तिथेच बसून राहिले.